तंबूतले पंथ आणि तंबूत न आलेला सिनेमा

माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते. लोह्याच्या वाटेने ती पालमहून फार लांब नाही. घोडे, गाढवं, उंट यांच्या बाजारासाठी आणि लावणीसाठी ती प्रसिद्ध. आम्हा पोरांना मात्र वेड होतं तंबूतल्या सिनेमाचं. आत मधोमध दोरी बांधून बायका-पुरुषांच्या बसायच्या जागा वेगळ्या केलेल्या, खाली धुराळा, मागे ट्रकवर प्रोजेक्टर. रीळ तुटलं की शिट्ट्या. १९८०च्या सुमारास मी त्या तंबूत दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' पाहिला. पाहिला म्हणण्यापेक्षा ऐकला. कारण पुढे बसलेल्या माणसांना तो तोंडपाठ होता आणि दादांच्या आधी वाक्यं तेच म्हणत होते.

अशा सिनेमाला हल्ली 'कल्ट' म्हणतात. आपल्याकडे त्याला 'पंथ' हा चांगला शब्द आहे. मी ज्या भागात वाढलो तिथे तो पोथीतला शब्द नाही. गंगाखेड जनाबाईचं, नर्सी नामदेवांची, आणि महानुभावांच्या खुणा तर मराठवाडाभर. पंथ म्हणजे काय, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं. पाठांतर असतं, पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी जाणं असतं, आणि आपल्याला मिळालेलं दुसऱ्याच्या हाती देणं असतं. वेगळ्या वाटेने गेलेल्या काही दिग्दर्शकांना असा पंथ मिळाला, काहींना मिळाला नाही. तो कशाने मिळतो, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आधी दादा कोंडके. 'सोंगाड्या' (१९७१) आणि 'एकटा जीव सदाशिव' (१९७२) यांचे दिग्दर्शक गोविंद कुलकर्णी. दादा स्वतः दिग्दर्शक झाले ते 'पांडू हवालदार'पासून (१९७५). पण शैली आधीच ठरलेली होती आणि ती आली होती वगातून. वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा'चे शेकडो प्रयोग केलेल्या नटाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. विनोद बोलणाऱ्याच्या तोंडात पुरा होत नाही, तो ऐकणाऱ्याच्या डोक्यात पुरा होतो. म्हणून दादांचा कॅमेरा फारसा हलत नाही. पात्रं रंगमंचावर उभी राहावीत तशी समोर तोंड करून उभी. वाक्य टाकायचं, चेहरा भोळा ठेवायचा आणि थांबायचं. त्या थांबण्यात सगळं असतं. 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' (१९७८) या नावातच बघा. एकही शब्द आक्षेपार्ह नाही. अर्थ लावणारा प्रेक्षक, मग दोष कुणाचा? सेन्सॉरची पंचाईत होई ती इथेच. तंबूत हे थांबणं मी कानांनी अनुभवलं आहे. पुरुषांच्या बाजूने हशा लगेच उसळायचा. दोरीपलीकडचा जरा उशिरा, पदराआडून यायचा. पण यायचा. घरी ज्याचा उच्चार करता येत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे, एवढंच त्या हशात कबूल होत होतं. ओळीने नऊ चित्रपटांचे रौप्यमहोत्सव झाले आणि गिनीज बुकात नाव गेलं, ते याच कबुलीच्या जोरावर.

महेश कोठारे यांचा मार्ग बरोबर उलटा. 'छोटा जवान'मधला (१९६३) हा बालनट दिग्दर्शक झाला 'धुमधडाका'पासून (१९८५). तो 'प्यार किये जा'वरून बेतलेला, आणि तो हिंदी चित्रपटही मूळच्या तमिळवरून. कोठाऱ्यांनी उसनं घेणं कधी लपवलं नाही. त्यांचं कसब होतं उसनी वस्तू घरची करून टाकण्यात. दादा थांबतात, तर कोठारे थांबू देत नाहीत. पाठलाग, मारामारी, लगेच विनोद, लगेच गाणं. 'धडाकेबाज' (१९९०) त्यांनी सिनेमास्कोपमध्ये काढला, मराठीत पहिल्यांदाच. 'झपाटलेला' (१९९३) हे या कसबाचं उत्तम उदाहरण. 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) या अमेरिकी भयपटात गुन्हेगाराचा आत्मा शिरतो तो कारखान्यात तयार झालेल्या, दुकानातून विकत आणलेल्या खेळण्यात. कोठाऱ्यांना ते खेळणं महाराष्ट्रात चालणार नाही हे कळलं. इथे पोरांच्या ओळखीचा बाहुला एकच, शब्दभ्रमकाराच्या मांडीवरचा. पाध्ये घराण्याच्या अर्धवटरावाने तो दोन-तीन पिढ्यांना दाखवलेला होता. तात्या विंचूचा बाहुला रामदास पाध्यांनी घडवला आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा झाला. भीती परदेशी, पण तिचं घर देशी. हा सिनेमा आमच्याकडच्या पोरांनी तंबूत नव्हे, व्हिडिओवर आणि टीव्हीवर पाहिला. त्यामुळे त्याचा पंथ घराघरांत बसला. आज पस्तीस-चाळीस वर्षांचा माणूसही तात्या विंचूचं नाव काढलं की आवाज बदलून बोलू लागतो.

तिसरा पंथ शहरातल्या चळवळ्यांचा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर' (१९८८) अजमेरमध्ये घडतो, हिंदीत बोलतो आणि कथा सांगायचं नाकारतो. तो चित्रपटगृहांत रीतसर आला थेट २०१४ साली. मधली पंचवीसेक वर्षं तो प्रतींवरून काढलेल्या प्रतींवर जगला. वसतिगृहाच्या खोल्यांत, फिल्म सोसायट्यांत, एकाने दुसऱ्याला गुपचूप द्यावा तसा. कळला असं कुणी म्हणत नसे. पण दहा वेळा पाहिला असं अभिमानाने सांगत. गंमत अशी की हा पंथ आणि माळेगावच्या तंबूतला पंथ एकमेकांकडे तुच्छतेने पाहत, पण दोघांचे विधी सारखेच होते. पाठांतर तेच, शिट्ट्या तेवढ्या मनातल्या मनात.

हे मला तेव्हा कळलं नव्हतं. औरंगाबादला शिकत असताना मी एका फिल्म सोसायटीत धावपळ करत असे. आमच्या सायक्लोस्टाइल पत्रिकेत मी एक टिपण लिहिलं होतं. त्यात कोंडक्यांना अश्लील ठरवलं होतं आणि शेवटी मोठ्या थाटात म्हटलं होतं की अमोल पालेकरांचा 'आक्रीत' खेड्यातल्या प्रेक्षकाला पेलणारा नाही. ते वाक्य आज मला बोचतं, कारण 'आक्रीत' आमच्याच जिल्ह्याचा आहे.

परभणी जिल्ह्यातलं मानवत. १९७२च्या दुष्काळात, नोव्हेंबरपासून, तिथे मुली आणि बाया मारल्या जाऊ लागल्या. १९७४च्या सुरुवातीपर्यंत हे चाललं. गुप्तधनाचा लोभ, त्यासाठी रक्त मागणारा मांत्रिकी विश्वास आणि गावातल्या बड्यांची ताकद, अशी ती गुंतागुंत होती. तपास रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे आला. या घटनांवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि पालेकरांनी १९८१ साली दिग्दर्शनातलं पहिलं पाऊल टाकलं. फ्रान्समधल्या नान्तच्या महोत्सवात तो गौरवला गेला.

'आक्रीत'ची शैली या तिघांपेक्षा वेगळी आहे. गुन्हेगार कोण, हे रहस्य तिथे नाहीच. थरार मुद्दाम काढून टाकलेला. सत्ता असलेला पुरुष, त्याच्या आधाराने जगणारी बाई, आणि दोघांच्या हव्यासाखाली भरडली जाणारी परक्यांची लेकरं, हे सगळं सपाट, कोरड्या उजेडात. दादा थांबतात ते आपण हसावं म्हणून. पालेकर थांबतात तेव्हा आपल्याला करण्यासारखं काहीच उरत नाही. सोबत न्यायला वाक्य नाही, नक्कल करण्याजोगा आवाज नाही. पंथाला लागणारा प्रसाद तिथे मिळत नाही, आणि मेलेली लेकरं खरी असताना तो मिळूही नये.

म्हणून पंथ झाला नाही, असं मी बरीच वर्षं सांगत आलो. आता ते अर्धंच खरं वाटतं. उरलेलं अर्धं व्यवहाराचं आहे. तंबूवाला झिजलेल्या, स्वस्तात मिळणाऱ्या आणि हमखास गल्ला देणाऱ्या प्रती आणायचा. 'आक्रीत' त्या वाटेला आलाच नाही. नान्तच्या लोकांनी तो पाहिला. पालमच्या कुणी पाहिल्याचं मी ऐकलं नाही. जो दाखवलाच नाही तो पेलत नाही, हे ठरवणारा मी कोण होतो? २०२४ साली याच प्रकरणावर 'मानवत मर्डर्स' ही वेब मालिका आली आणि आमच्याकडे चहाच्या टपरीवरही तिची चर्चा झाली. विषय झेपत नव्हता असं नाही. तो आमच्यापर्यंत यायला बावन्न वर्षं लागली.

तेव्हा मी 'आक्रीत'ची प्रत मिळवली आणि गेल्या दिवाळीत पालमच्या घरी आईला दाखवली. तिने दादांचे सिनेमे दोरीपलीकडे बसून पाहिलेले. वाटलं, अर्ध्यातच उठेल. ती मध्येच उठली खरी, पण दाराला कडी घालून परत येऊन बसली. संपल्यावर म्हणाली, "त्या टायमाला लेकरायला रानात धाडत नव्हतो. तू पाळण्यात होतास. रात्री कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, असं सासूबाई सांगायच्या." मग तिने गावातल्या त्या वर्षाबद्दल तासभर सांगितलं. एवढ्या वर्षांत त्यातला एक शब्द माझ्या कानावर आला नव्हता, आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

दादांच्या सिनेमाने तिला हसण्याची मुभा दिली होती. या सिनेमाने भीती सांगण्याची दिली, फक्त चाळीसेक वर्षं उशिरा. दोन्ही मुभा सारख्याच मोलाच्या आहेत, असं मला आज वाटतं. पत्रिकेतल्या त्या टिपणात मला तसं वाटत नव्हतं. येत्या मार्गशीर्षात माळेगावला एक पडदा लावून दोन रात्री दोन सिनेमे दाखवावेत, असं मित्रांशी बोलणं चाललं आहे. पहिल्या रात्री 'पांडू हवालदार', दुसऱ्या रात्री 'आक्रीत'. दुसऱ्या रात्री किती माणसं थांबतील ते सांगता येत नाही. पण या वेळी ते मी आधी ठरवणार नाही.