जुना मिनिकॉम्प्युटर चालू करताना: सुटे भाग आणि पॉवर सप्लाय

मोडीत निघालेला पीडीपी-८ किंवा पीडीपी-११ घरी आला की पहिला मोह होतो प्लग लावून बघण्याचा. तो आवरा! पन्नास वर्षांत सप्लायमधले कपॅसिटर सुकलेले असतात. रेग्युलेटर बिघडून ५ व्होल्टच्या तारेवर ७ च्या वर व्होल्ट गेले, तर टीटीएल चिप्स क्षणात जळू शकतात. चिप्स पुन्हा मिळतील, पण बारीक कड्या ओवून विणलेली कोअर मेमरी आता कोणी बनवत नाही.

थोडी पार्श्वभूमी
डेक ही कंपनी १९५७ साली मॅसॅच्युसेट्समधल्या मेनार्ड गावी, लोकरीच्या जुन्या गिरणीत सुरू झाली. पीडीपी-८ आला १९६५ मध्ये, पीडीपी-११ १९७० मध्ये. आपल्याकडे १९६९ साली तुर्भ्याला टीडीसी-१२ तयार झाला. नावातला 'टी' म्हणजे ट्रॉम्बे! डेक १९९८ मध्ये कॉम्पॅकने घेतली. त्यामुळे आता कंपनीकडून भाग मिळण्याची सोय नाही.

भाग कुठे शोधाल?
१. आधी नकाशे: बिटसेव्हर्सवर डेकची स्कॅन केलेली मॅन्युअल्स आहेत. आपल्याच मॉडेलचा सर्किट नकाशा छापून घ्या.
२. साधे भाग: ७४०० मालिकेतल्या बऱ्याच चिप्स, कपॅसिटर, फ्यूज आणि पंखे डिजी-की, माउझर यांच्याकडे मिळतात.
३. बोर्ड: ईबे, हॅम रेडिओवाल्यांचे बाजार आणि व्हिंटेज कॉम्प्युटर फेस्टिव्हल. न्यू जर्सीकरांना वॉल गावातलं इन्फोएज जवळ आहे, बे एरियातल्यांना माउंटन व्ह्यूचं कॉम्प्युटर हिस्टरी म्युझियम.

मूळ सप्लाय तपासताना
सगळे बोर्ड बाहेर काढा. मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेले असू शकतात, म्हणून ते रेझिस्टर लावून रिकामे करा आणि मीटरने खात्री करा. सुस्थितीतले कपॅसिटर रेझिस्टरमधून हळूहळू भरून पुन्हा कामाला लावता येतात. फुगलेले किंवा गळणारे मात्र बदलाच. मग ५ व्होल्टवर १ ओहम, ५० वॉटचा रेझिस्टर लावून बघा: ५ अ‍ॅम्पिअर वाहतात, २५ वॉट उष्णता होते, तेव्हा तो धातूच्या पट्टीवर बसवा. व्होल्टेज ४.७५ ते ५.२५ मध्ये स्थिर राहिलं तरच पुढे जा.

जुगाड करायचा तर
मूळ सप्लाय दुरुस्त होईपर्यंत तात्पुरता सप्लाय जोडता येतो. पीसीच्या सप्लायमधून ५ व्होल्ट मिळतात, पण -१५ मिळत नाहीत. त्यासाठी आउटपुट ग्राउंडशी न जोडलेला वेगळा १५ व्होल्टचा सप्लाय घ्या आणि त्याचं धन टोक मशीनच्या ग्राउंडला जोडा, म्हणजे ऋण टोकावर -१५ मिळतील. सुरुवातीच्या पीडीपी-८ ला तर +१० आणि -१५ लागतात, म्हणून मॉडेल बघूनच जोडणी करा.

नुसते व्होल्ट पुरत नाहीत. पीडीपी-११ मध्ये सप्लाय 'एसी लो' आणि 'डीसी लो' असे दोन संकेतही देतो. वीज कधी स्थिर झाली आणि कधी जाते आहे, हे मशीनला त्यावरून कळतं. ते दिले नाहीत तर मशीन नीट सुरू होत नाही आणि कोअरमधला मजकूर बिघडू शकतो.

तीन पथ्ये: मूळ तारा कापू नका, प्रत्येक तारेवर फ्यूज ठेवा, आणि ५ व्होल्टला जादा दाब येताच तोडणारं संरक्षण लावा. पुढच्या माणसाला तुमचा जुगाड काढून मूळ सप्लाय परत बसवता आला पाहिजे.

ही मशिन्स ज्यांनी रोज चालवली, ती पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. आपल्यातल्या कुणी काका-आजोबांनी अशा मशीनवर काम केलं असेल, तर त्यांना आजच विचारा आणि लिहून ठेवा. आणि तळघरात एखादं मशीन पडून असेल, तर भंगारात देण्याआधी ऱ्होड आयलंड कॉम्प्युटर म्युझियमसारख्या संस्थेला एक पत्र टाका.