१४२८५७ : चमत्कार नव्हे, सातचा भागाकार

१,४२,८५७ ही संख्या 'चमत्कारी अंक' म्हणून व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरत असते. मंडळाच्या सभासदांकडूनही ती आमच्याकडे अनेकदा आली आहे. चमत्कार तिच्यात काही नाही. गंमत मात्र खरी आहे आणि तिचे कारण शाळेतल्या भागाकारात सापडते.

आधी वर्गवारी. ही संख्या विषम व संयुक्त आहे. तिचे मूळ अवयव ३ × ३ × ३ × ११ × १३ × ३७. एकूण विभाजक ३२. संख्या स्वतः सोडून उरलेल्या विभाजकांची बेरीज १,१२,५०३ म्हणजे संख्येहून कमी येते, म्हणून ती न्यून संख्या.

तिची खरी ओळख 'चक्रीय संख्या' ही. २ ने गुणले तर २८५७१४, ३ ने ४२८५७१, ४ ने ५७१४२८, ५ ने ७१४२८५ आणि ६ ने ८५७१४२. तेच सहा अंक, त्याच क्रमाने, फक्त सुरुवात निराळी. ७ ने गुणले की एकदम ९९९९९९.

असे का होते? १ ला ७ ने भागून पाहावे (कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून, कागदावर). बाकी अनुक्रमे ३, २, ६, ४, ५ आणि पुन्हा १ उरते. सातने भागताना शून्याखेरीज सहाच बाक्या शक्य असतात आणि त्या सहाही येथे एकेकदा येऊन जातात. भागाकारात अंक येतात १, ४, २, ८, ५, ७ आणि मग तेच चक्र. ३ ला ७ ने भागणे म्हणजे याच चक्रात एक घर पुढून शिरणे. १ भागिले १७ यातही असेच सोळा अंकी चक्र मिळते, पण ते शून्याने सुरू होते. दशमान पद्धतीत शून्याने सुरू न होणारी चक्रीय संख्या १४२८५७ हीच.

आपल्या दृष्टीने आणखी एक धागा महत्त्वाचा. देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी सांगितलेल्या दोन प्रकारांत ही संख्या बसते. अंकांची बेरीज २७ आणि १४२८५७ ÷ २७ = ५२९१, बाकी शून्य; म्हणून ही 'हर्षद संख्या'. हे नाव कापरेकरांचेच: हर्ष देणारी ती हर्षद. शिवाय तिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे दोन तुकडे करून मिळवले, २०४०८ + १२२४४९, की पुन्हा १४२८५७! अशा संख्यांना 'कापरेकर संख्या' म्हणतात. लहान उदाहरण ४५ चे: वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५.

कापरेकरांच्या कामाला आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांनी क्षुल्लक मानले. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष गेले. दशमान पद्धत सोडली तर यातले बरेच गुणधर्म टिकत नाहीत हे खरे. आठच्या पद्धतीत १ भागिले ७ म्हणजे नुसते ०.१११... पण हिशेब आपण दहाच्याच पद्धतीत मांडतो, तेव्हा तिच्यातल्या खुब्या हुडकणे कमी दर्जाचे का मानावे, हे आम्हाला कधी पटले नाही.

बँकेत ताळा जुळवण्यात आमची उमर गेली, म्हणून एक ताळा मुलांसाठी. १४२८५७ ला ३२५ ने गुणा: ४६४२८५२५. शेवटचे सहा अंक वेगळे काढून उरलेले ४६ त्यांत मिळवा: ४२८५२५ + ४६ = ४२८५७१. हे तिप्पट झाले, कारण ३२५ ला ७ ने भागले की बाकी ३ उरते. गुणक सातच्या पटीतला असेल तर ९९९९९९ येईल.