मांजराची वंशावळ आणि आपली

दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी आपल्या रेडिओवर एका ताईंचा फोन आला होता. त्यांच्या पुण्याच्या भाचीनं एका दुभत्या म्हशीच्या किमतीचं मांजर विकत घेतलं होतं. ‘मेन कून’ जातीचं. लांब केस, झुबकेदार शेपूट, कानांच्या टोकाला केसांचे झुपके, आणि अंगानं आपल्या मांजराच्या दीडपट. तीन वर्षांचं ते मांजर एका रात्री अचानक किंचाळलं, त्याचे मागचे दोन्ही पाय लुळे पडले आणि दुसऱ्या दिवशी ते गेलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा आजार होता, आईबापाकडून आलेला. ताई विचारत होत्या, “मांजराला कसला आलाय हार्टचा आजार?”

खोटं कशाला बोला, स्टुडिओत आम्ही तिघी होतो आणि तिघींनाही आधी हसूच आलं. पण उत्तर द्यायचं तर माहिती हवी, म्हणून शोधायला बसलो. शोधता शोधता ती गोष्ट अमेरिकेतून निघून थेट आमच्या गटातल्या एका मैत्रिणीच्या उंबऱ्यापर्यंत आली. ती आज सांगतो.

मेन हे अमेरिकेच्या ईशान्य टोकाचं एक राज्य. कडाक्याची थंडी, शेती आणि समुद्रावरची मासेमारी. तिथल्या गोठ्यांत उंदीर मारायला ठेवलेली ही मांजरं, थंडीमुळे दाट केसांची. १८९५ साली, म्हणजे मुंबईत प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षी, न्यूयॉर्क शहरात मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं. तिथं मेनच्या ‘कोझी’ नावाच्या मांजराला पहिलं बक्षीस आणि चांदीचा गळपट्टा मिळाला. गोठ्यातलं मांजर असं मंचावर गेलं.

एकदा बक्षीस मिळालं की त्याच्यासारखीच पिल्लं सगळ्यांना हवी असतात. मग जात ठरते, नोंदवही उघडते. आई कोण, बाप कोण, आजा-आजी कोण, सगळं लिहिलेलं असेल तरच पिल्लू ‘अस्सल’. बाहेरचं रक्त बंद. आणि बक्षीस मिळवलेल्या बोक्याची पिल्लं घरोघरी. आजच्या मेन कून मांजरांच्या वंशावळी मागं मागं नेल्या तर पुन्हा पुन्हा तीच थोडीशी नावं भेटतात.

शेळ्या पाळणाऱ्या बायांना यातला धोका आम्ही सांगायला नको. बोकड दोन-अडीच वर्षांनी बदलायचा, नाहीतर तो आपल्याच पाठींवर जातो आणि करडं कमजोर निघतात, हे आपल्या आज्यांनाही ठाऊक होतं. मांजराच्या शौकिनांनाही ते कळत होतंच. पण बक्षिसाची भूल मोठी असते.

आता आजाराकडे वळू. कणगीला आतून शेणामातीचा लेप देतो आपण. समजा दर महिन्याला एक थर चढवत राहिलो. बाहेरून कणगी तेवढीच दिसेल, पण आत धान्य मावेनासं होईल. या आजारात हृदयाचं तसंच होतं. भिंत जाड होते, कडक होते, आतली जागा कमी होते, आणि भिंत नीट सैल पडत नाही म्हणून रक्त पुरेसं भरत नाही. साचलेल्या रक्ताची गाठ होते. मांजराच्या अंगात ती गाठ वाहत जाऊन मागच्या पायांकडे रक्तवाहिनीला फाटे फुटतात तिथंच अडकते. म्हणून पाय लुळे, थंड, आणि वेदना तर विचारू नका. आपल्याकडे असं मांजर दिसलं तर कुणीतरी काठी मारली किंवा पान लागलं असंच म्हणतील.

माणसांतला हा आजार १९५८ साली लंडनमध्ये डोनाल्ड टीअर या शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी नीट लिहून ठेवला. आठ तरुण माणसं, आणि सगळ्यांच्या हृदयाची भिंत एका बाजूला जाड झालेली. बहुतेक जण अचानक गेलेले. तीन वर्षांनी कॅनडातल्या क्वेबेक प्रांतातल्या एका मोठ्या कुटुंबाची वंशावळ डॉक्टरांनी मांडली. पिढ्यान् पिढ्या त्या घरात तरणीताठी माणसं बसल्याजागी जात होती. लोक त्याला त्या घराचा शाप समजत असतील तर त्यात नवल नाही. पण ती वंशावळ कागदावर उतरली आणि जपली गेली. तीस वर्षांनी क्रिस्टीन सायडमन या बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच कुटुंबाच्या रक्तावरून १९९० साली या आजाराचं पहिलं सदोष जनुक शोधलं. जनुक म्हणजे जीन. कागद नसता तर रक्त कुणाकुणाचं घ्यायचं हेसुद्धा कळलं नसतं.

मांजरांच्या बाबतीत मधे एक वेगळीच गोष्ट घडली. १९८०च्या दशकात पुष्कळ पाळीव मांजरांची हृदयं उलट पातळ आणि ढिली पडत होती. १९८७ साली कॅलिफोर्नियातले पशुवैद्य पॉल पियन यांनी दाखवलं की डब्यातल्या विकतच्या खाण्यात टॉरिन नावाचा घटक कमी पडतोय. तो मांस-मासळीत असतो. कंपन्यांनी तो खाण्यात वाढवला आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. (घरच्या मांजराला नुसत्या दूध-भाकरीवर ठेवणाऱ्यांनी हे ऐकून ठेवा. उंदीर मारून खाणारं मांजर आपला टॉरिन आपणच मिळवतं.) त्यामुळे जाड भिंतीचा आजारही खाण्यातूनच येत असेल असं कुणाला वाटलं तर चूक नव्हती. पण खाणं बदललं तरी तो हटेना.

त्याच विद्यापीठातले मार्क किटलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेन कून मांजरांच्या पिढ्या एकापाठोपाठ एक तपासल्या, आणि १९९९ साली सांगितलं की हा आजार रक्तातून येतो. नराला आणि मादीला सारखाच. आईबापांपैकी एकाला असला तरी निम्म्या पिल्लांना मिळू शकतो. मग २००५ साली कॅथरिन म्यूर्स या पशुवैद्य बाईंच्या गटानं नेमकी चूक शोधली. पेशीतली अक्षरं वाचून शरीर प्रथिनाची माळ ओवतं. हृदयाच्या स्नायूतल्या एका प्रथिनाच्या माळेत, एका अक्षराच्या चुकीमुळे, एकतिसावा मणी भलताच ओवला जात होता. एक अक्षर! तेव्हा तपासलेल्या मेन कून मांजरांत साधारण तीनात एकाकडे ही चूक निघाली. दोन वर्षांनी ‘रॅगडॉल’ नावाच्या दुसऱ्या जातीत त्याच माळेचा ८२०वा मणी चुकलेला सापडला. आणि २०१० साली स्पेनमधल्या डॉक्टरांना तोच ८२०वा मणी चुकलेलं एक माणसांचं कुटुंब भेटलं. मांजर आणि माणूस, प्रथिन तेच, चूकही तीच.

गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून प्रयोगशाळेत पाठवली की मांजराची ही तपासणी होते. आता मांजरं विकणाऱ्यांची पंचाईत झाली. काहींनी निकाल उघड लावले. काहींनी नाव खराब होईल, पिल्लं खपणार नाहीत म्हणून तोंड मिटलं. काहींना वाटलं, चूक असलेली सगळी मांजरं प्रजननातून काढूनच टाकावीत. पण तीनात एक काढलं तर उरलेल्यांचं रक्त आणखी जवळचं होणार आणि दुसरा एखादा दोष वर येणार. म्हणून जाणकारांनी सांगितलं की चूक असलेली दोन मांजरं एकमेकांना लावू नका, दोन्हीकडून चूक घेतलेली मांजरं वापरू नका, आणि बाकीच्यांचं हळूहळू पाहू. खरा धोका दोन्हीकडून चूक मिळालेल्यांना फार मोठा. एकीकडूनच मिळालेली कित्येक मांजरं म्हातारी होऊन मरतात. आणि तपासणीत चूक निघाली नाही म्हणजे आजार होणारच नाही असंही नाही. लंडनमध्ये आश्रयघरांतल्या ७८० मांजरांचं हृदय सोनोग्राफीनं तपासलं, तर शंभरात सुमारे पंधरांना हा आजार होता. त्यांतली बहुतेक साधीच, बिनजातीची.

फोनवरच्या ताईंचं उत्तर इथं संपत होतं. भाचीनं पुन्हा मांजर घेतलंच तर पिल्लाच्या आईबापांच्या तपासणीचा कागद आणि हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट मागावा. घरात झोपलेल्या मांजराचा श्वास मिनिटाला तीसपेक्षा जास्त वेळा चालत असेल तर डॉक्टरला दाखवावं.

पण वाचताना एक गोष्ट आली आणि आम्ही थबकलो. त्याच प्रथिनाच्या जनुकात २५ अक्षरं गळालेली आपल्या देशातल्या माणसांत सापडली आहेत. आधी २००३ साली दोन भारतीय कुटुंबांत. मग हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेचे के. थंगराज आणि देशोदेशीच्या संशोधकांनी हजारो लोकांचं रक्त तपासून २००९ साली सांगितलं की भारतात शंभरातल्या सुमारे चौघांकडे ही तूट आहे. घाबरू नका. त्यांतल्या बहुतेकांना काहीच होत नाही. पुढच्या संशोधनात असं दिसलं की त्या तुटीशेजारी आणखी एक बदल असेल त्यांनाच मुख्य धोका. ही तूट हजारो वर्षं टिकली कशी? तर त्रास होतो तो बहुधा वय झाल्यावर, आणि तोवर मुलंबाळं होऊन गेलेली असतात. शिवाय आजार आणणारी चूक ही एकच नाही, वेगवेगळ्या घरांत वेगवेगळी असते.

आता आमच्या मैत्रिणीबद्दल. तिनंच सांगितलं, गोष्ट सांगा, नाव-गाव नको. तिचा नवरा एकतिसाव्या वर्षी उसाची मोळी वाहताना पडला, उठला नाही. चार वर्षांनी दीर कबड्डी खेळून आला आणि ओट्यावर बसल्याबसल्या गेला. घरातल्यांनी आणि भावकीनं ठरवून टाकलं, ही पांढऱ्या पायाची. हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं. दिराच्या लग्नाची बोलणी चालू असताना ही समोरून गेली होती म्हणे.

आम्ही मांजरांच्या वंशावळींबद्दल बोलत होतो तेव्हा ती एकदम म्हणाली, “माझे चुलत सासरेही विहिरीचं काम करताना असेच गेले होते.” कधी? तर तेव्हा ही माहेरी पाचवीत शिकत होती. त्या दिवशी आम्ही तिच्या ट्रंकेतला दिराच्या शवविच्छेदनाचा कागद काढून वाचला. हृदयाची डावी भिंत जाड, असं त्यात लिहिलेलं होतं. सात वर्षं तो कागद घडी घालून पडला होता. तिला वाचता येत होता, पण समजावून कुणी सांगितला नव्हता.

ती मुलांना घेऊन जिल्ह्याला गेली. सासूबाई म्हणाल्या, पोराला दाखव, पोरीचं कशाला, उगाच काही निघालं तर स्थळ येणार नाही. (पिल्लं खपणार नाहीत, असं म्हणणारी माणसं आम्हाला आठवली.) तिनं दोघांचाही ईसीजी आणि टू-डी इको करून घेतला. मुलाचं आज ठीक आहे, दर वर्षी दाखवायचं आहे. मुलीची भिंत जाड निघाली. तेरा वर्षांची आहे. गोळी सुरू झाली, शर्यतीत पळणं बंद. चक्कर आली किंवा छातीत धडधड झाली तर थांबायचं नाही, लगेच जायचं, हे तिच्या वर्गशिक्षिकेलाही सांगून ठेवलंय.

मग डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोण कोण आहे? आमच्याकडे सुगी झाली की हेळवी येतात, बैलावर वह्या लादून. सात-आठ पिढ्यांची नावं घडाघडा वाचतात. या वर्षी ते आले तेव्हा आमच्या मैत्रिणीनं धान्य घातलं आणि सासऱ्यांचं पान काढायला लावलं. बाप, मुलगा, नातू, सगळे होते. कोण कशानं गेलं ते नव्हतं. आणि सासऱ्यांना बहीण होती की नाही, तेही नव्हतं. मांजरांच्या नोंदवहीत निदान आईचा रकाना तरी असतो.

बहीण होती. सासूबाईंनीच सांगितलं, जरा वेळानं, तांदूळ निवडता निवडता. आत्याबाई पलीकडच्या तालुक्यात दिलेल्या. त्यांचा नातू पोलीस भरतीसाठी रोज पहाटे पळायला जातो. आम्ही चौघी तिथंच बसलो होतो. मैत्रिणीनं फोन सासूबाईंच्या हातात दिला आणि नंबर आपणच लावला.