तारपा नृत्य : शारीरिक व मानसिक लाभ

तारपा नृत्य : पालघर जिल्ह्यातील डहाणू, तलासरी, जव्हार, विक्रमगड या तालुक्यांत, तसेच दादरा-नगर हवेलीच्या भागात वारली व इतर आदिवासी समाजांत प्रचलित असलेले समूहनृत्य. भाताचे पीक तयार होण्याच्या सुमारास त्याचा हंगाम सुरू होतो आणि दिवाळीच्या दिवसांत त्याला भर येतो. नव्या धान्याचा आनंद व देवांविषयीची कृतज्ञता हे त्याचे मूळ प्रयोजन. व्यायाम हे नव्हे. तरीही शरीर व मन यांना त्यातून जे मिळते, ते स्वतंत्रपणे नोंदवण्याजोगे आहे.

वाद्य व श्वास : तारपा हे पुंगीच्या कुळातील सुषिर वाद्य. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजवण्यासाठी मेण एवढ्यावर ते तयार होते. त्याची लांबी साधारण एक मीटर किंवा त्याहून अधिक असते. वादक गालात हवा साठवून ती वाद्यात सोडतो व त्याच वेळी नाकाने श्वास घेतो, त्यामुळे सूर तुटत नाही. गाल, घसा व श्वासपटल यांच्या स्नायूंना यातून सतत काम मिळते. तारप्यावर असा वैद्यकीय अभ्यास प्रसिद्ध नसला, तरी याच श्वासतंत्राने वाजणाऱ्या ऑस्ट्रेलियातील डिजेरिडू या वाद्याविषयी स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी 2006 मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांच्या छोट्या चाचणीत चार महिने सराव करणाऱ्या, झोपेत श्वास अडखळणाऱ्या रुग्णांची दिवसाची झापड कमी झाली.

नर्तन व शरीर : स्त्री-पुरुष एकमेकांच्या कमरेभोवती हात गुंफून साखळी करतात व वादकाच्या मागोमाग फिरतात. वादकाकडे पाठ करायची नाही, असा संकेत आहे. वादकाने चाळा म्हणजे धून बदलली की पावलेही बदलतात. गुडघे किंचित वाकवून टाकलेल्या लयबद्ध पावलांनी मांड्या व पोटऱ्या बळकट होतात, हृदय व फुप्फुसांना व्यायाम घडतो. शेजाऱ्याच्या हालचालीशी आपला तोल सतत जुळवावा लागत असल्याने कंबर व पाठीचे स्नायूही कामाला लागतात. जर्मनीत जन्मलेले जोसेफ पिलाटेस (1883–1967) यांच्या व्यायामपद्धतीतही श्वास, धडाचे स्नायू व एकाग्रता यांची सांगड असते. मात्र तेथे प्रत्येकजण आपल्या चटईवर स्वतःच्या शरीराकडे लक्ष देतो, तर येथे लक्ष सूर व सोबती यांच्याकडे असते.

मन व समूह : ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्राझीलमधील शालेय विद्यार्थ्यांवर केलेल्या व 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, एका लयीत व जोर लावून नाचल्याने वेदना सोसण्याची क्षमता आणि गटाविषयीचा आपलेपणा वाढल्याचे आढळले. तारप्यात एक लय व जोर या दोन्ही गोष्टी आहेत. शिवाय तरुण-वृद्ध एकाच साखळीत येतात आणि कोणीही निव्वळ प्रेक्षक राहत नाही.

मर्यादा : शेतात राबणाऱ्या शरीराला अन्न व विश्रांती आधी लागते, नृत्य हा कुपोषणावरचा किंवा आजारावरचा उपाय नव्हे. गुडघेदुखी किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी बेताने नाचावे.

सद्यःस्थिती : सुगी संपली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामावर स्थलांतर करतात, त्यामुळे पाड्यावरचा हंगाम आखडतो. तलासरी तालुक्यातील धामणगावी जन्मलेले चित्रकार जिव्या सोमा मशे (1934–2018, पद्मश्री 2011) आणि इतर वारली चित्रकारांमुळे तारप्याभोवतीचे नर्तकांचे वेटोळे जगभर पोहोचले. सरकारी कार्यक्रमांत व पर्यटकांपुढेही हे नृत्य आता होते. मात्र वर सांगितलेले लाभ पाड्यावर दीर्घकाळ, हंगामभर व सर्वांनी मिळून नाचण्याचे आहेत. मंचावरच्या काही मिनिटांच्या सादरीकरणातून ते मिळत नाहीत.