टळलेल्या युद्धाचा पुरावा : पवनी आणि वाकाटकांची संधिनीती

भंडारा जिल्ह्यातील पवनी हे वैनगंगेच्या काठचे प्राचीन नगर अभ्यासकांस मुख्यतः तेथील बौद्ध स्तूपांमुळे परिचित आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे संयुक्त उत्खनन केले. १९९४ मध्ये अमरेंद्र नाथ यांनी ते काम पुढे नेले. जगन्नाथ टेकडीवरील स्तूपाच्या कठड्यावर दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आढळली आणि मुचलिंद नागाचे शिल्पही मिळाले. परंतु याच नगरास मातीचा उंच तट आहे व त्यालगत खंदक आहे. दान आणि संरक्षण यांची स्मारके येथे परस्परांच्या दृष्टिपथात उभी आहेत. प्राचीन विदर्भातील राज्यकर्ते युद्ध कसे टाळीत, या प्रश्नाचा विचार पवनीपासून आरंभ करण्याचे हेच कारण होय.

या प्रश्नात एक मूलभूत अडचण आहे. झालेल्या युद्धाचा पुरावा राहतो. विजेता प्रशस्ती कोरवितो, पराभूताची राजधानी ओस पडते, वीराचे स्मारक उभे राहते. टळलेल्या युद्धाचे मात्र स्मारक नसते. त्यामुळे राजकीय इतिहास हा नकळत युद्धांचाच इतिहास होऊन बसतो आणि ज्याने राज्य न लढता राखले, तो राजा दुर्बळ वा निष्क्रिय ठरविला जातो.

या बाबतीत खेळाचा दाखला उद्बोधक आहे. बुद्धिबळाच्या पटावर शांततेने खेळण्याची सोय नाही. तेथे फार तर बरोबरी साधता येते. पण संगणकावर पाळीपाळीने चाली करून खेळावयाच्या राज्यविस्ताराच्या खेळांत ही मर्यादा ओलांडली गेली. १९९१ मध्ये निघालेल्या ‘सिव्हिलायझेशन’ या खेळात शेजाऱ्यांची सर्व नगरे न जिंकताही, विज्ञानात पुढे जाऊन व दूरच्या ताऱ्याकडे यान पाठवून, विजय मिळविता येतो. तथापि शांततेने खेळणाऱ्यास लवकरच एक धडा मिळतो. नुसते न लढणे पुरेसे नसते. तटबंदी भक्कम ठेवावी लागते, करार वेळोवेळी ताजे करावे लागतात आणि बलाढ्य शेजाऱ्याची मर्जी सांभाळावी लागते. येथे शांतता ही प्रत्येक पाळीला करावी लागणारी चाल असते.

हा विचार भारतीय राजनीतीस नवा नाही. कौटिल्याने संधी, विग्रह, आसन, यान, संश्रय व द्वैधीभाव असे सहा गुण सांगितले. संधी व विग्रह यांपासून होणारा लाभ सारखाच असेल तर संधीच पत्करावी, कारण विग्रहात क्षय, व्यय, प्रवास आणि विघ्ने उद्भवतात, असा त्याचा अभिप्राय आहे. त्याने येथे करुणेचा आधार घेतलेला नाही. त्याचा आधार हिशोबाचा आहे. प्रत्यक्ष राज्यकारभारात हा हिशोब कसा मांडला गेला, हे वाकाटकांच्या ताम्रपटांवरून काही अंशी पाहता येते.

पहिल्या प्रवरसेनाने चार अश्वमेध केले व सम्राट ही पदवी धारण केली. पुढील पिढ्यांत मात्र भर विवाहसंबंधांवर दिसतो. त्याचा पुत्र गौतमीपुत्र याचा विवाह भारशिव नृपती भवनागाच्या कन्येशी झाला. वाकाटकांच्या ताम्रपटांत पहिल्या रुद्रसेनाचा उल्लेख भवनागाचा दौहित्र म्हणून आवर्जून येतो. पवनी येथे भार वंशातील भगदत्त राजाचा शिलालेख सापडला असून, या भारांचा भारशिवांशी संबंध असावा असे अभ्यासकांनी सुचविले आहे. दुसऱ्या रुद्रसेनाची राणी प्रभावतीगुप्ता ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची कन्या होती. पती अकाली निवर्तल्यावर तिने अल्पवयीन पुत्राच्या वतीने राज्य चालविले. उत्तरेतील सर्वांत प्रबळ सत्ता आणि नंदिवर्धनचे राज्य यांच्यात या काळात युद्ध झाल्याचे दिसत नाही.

या शांततेचे मोलही ताम्रपटांतच नोंदलेले आहे. प्रभावतीगुप्तेच्या पुणे ताम्रपटाचा आरंभ पतीच्या वंशावळीने होत नाही. तो गुप्त वंशावळीने होतो. काहींना यात माहेरचा अभिमान दिसतो, तर काहींना गुप्त दरबाराचा वरचष्मा. दोन्ही अर्थ एकत्र नांदू शकतात. संश्रय पत्करणाऱ्यास आपल्या स्वातंत्र्याचा काही अंश द्यावाच लागतो.

तिचा पुत्र दुसरा प्रवरसेन याने तीस वर्षांहून अधिक काळ राज्य केले. पवनी येथे मिळालेला त्याचा ताम्रपट राज्यवर्ष ३२ मधील आहे. त्याच्या काळापासून उरलेले लेख बहुतेक भूमिदानांचे आहेत. त्यांत राज्यवर्ष १८ मधील चम्मक ताम्रपट विशेष महत्त्वाचा ठरतो. एक हजार ब्राह्मणांना दान देताना राजाने अटी घातल्या : दान घेणाऱ्यांनी राज्याशी द्रोह करू नये, युद्ध करू नये, इतर गावांना उपद्रव देऊ नये. या अटी मोडल्यास भूमी परत घेण्याचा अधिकार राजाने राखून ठेवला. युद्ध न करणे ही दानाची अट म्हणून स्पष्टपणे लिहिली जावी, यावरून शांतता ही कारभाराची बाब मानली जात होती असे अनुमान करता येते. मात्र अशी अट घालावी लागली, यावरून उपद्रवाची शंकाही खरी होती हे मान्य करावे लागते.

येथे एक आक्षेप संभवतो. दानपत्र हे विजयवर्णनासाठी लिहिलेले नसते, तेव्हा त्यातील मौनावरून शांतता सिद्ध होत नाही. हा आक्षेप रास्त आहे. शिवाय अनेक वाकाटक दानपत्रांच्या अखेरीस सेनापतीचे नाव येते. म्हणजे भूमीच्या व्यवहारातही सैन्याधिकारी उपस्थित होता. पवनीचा तटही हेच सांगतो. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याचा स्मृतिस्तंभ याच नगरात मिळाला आहे. परक्या सत्तेची चाहूल या नगरास वाकाटकांपूर्वीच लागली होती.

दुसऱ्या प्रवरसेनानंतर ही व्यवस्था टिकली नाही. नरेंद्रसेनाने कुंतलाधिपतीच्या कन्येशी विवाह करून जुनीच चाल पुन्हा केली. परंतु नल राजा भवदत्तवर्मन् याचा ताम्रपट नंदिवर्धन येथून दिलेला आहे. वाकाटकांची जुनी राजधानी काही काळ नलांच्या हाती गेली होती. दुसऱ्या पृथिवीषेणाने बुडालेल्या वंशाचा दोनदा उद्धार केला, असे बालाघाट ताम्रपट सांगतो. विशेष असे की, भवदत्तवर्म्याचा हा ताम्रपट आणि प्रभावतीगुप्तेचा एकोणिसाव्या वर्षाचा ताम्रपट हे दोन्ही अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर या एकाच गावी मिळाले. संधीचा काळ आणि तिचा भंग या दोहोंची साक्ष एकाच गावच्या मातीने जपली.

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित आहे. वाकाटकांची शांतता हा त्यांचा स्वभाव होता, असे म्हणण्यास आधार नाही. ती त्यांची नीती होती, असे म्हणण्यास मात्र पुरेसा आधार आहे. आणि नीती व्यक्तींच्या आयुष्याशी बांधलेली असते. दौहित्र हे नाते दुसऱ्या पिढीत दुरावते, म्हणून नवी पिढी येताच संधीची चाल नव्याने करावी लागते. खेळात चुकलेली चाल मागे घेऊन डाव पुन्हा मांडता येतो. नंदिवर्धनास ती सवलत नव्हती.

संशोधकाने म्हणूनच दोन टोके टाळली पाहिजेत. लेखांत युद्ध नाही म्हणून सुवर्णयुग कल्पिणे जसे चूक, तसेच दिग्विजय नाही म्हणून राजास अकर्तृत्ववान ठरविणेही चूक. विवाहाचा उल्लेख, वंशावळीचा क्रम, दानाची अट आणि तटाची माती ही टळलेल्या युद्धाची अप्रत्यक्ष साधने आहेत. ती एकत्र वाचावी लागतात. पवनीत स्तूपाचा कठडा पाहून परतणाऱ्या अभ्यासकाने नगराच्या तटाभोवतीही एक फेरी घालावी.