कोबाल्ट गेले, गंज आला

आमच्या युनियनच्या कचेरीतला जुना संगणक दोन वर्षांपूर्वी बंद पडला. सभासदांच्या वर्गणीची सतरा वर्षांची नोंद त्यात होती. दुरुस्तीवाल्या पोराने डिस्क उघडून दाखवली. आतल्या लोहचुंबकाचा निकेलचा मुलामा फुगून सुटला होता आणि खालची करडी भुकटी तबकडीवर सांडली होती. चुंबकालाही म्हातारपण येते हे आम्हांला ठाऊक नव्हते. कारण शोधू लागलो, तो माग आफ्रिकेतल्या खाणींपर्यंत गेला.

१९६० नंतरच्या दशकात समेरियम आणि कोबाल्ट यांचा जोरकस चुंबक निघाला. समेरियम हा ‘दुर्मिळ मृदा’ म्हणतात त्या धातूंपैकी एक. चुंबक महाग, ठिसूळ, पण सहसा न गंजणारा. कोबाल्टचा मोठा वाटा येई झाईरमधून, म्हणजे आजच्या काँगोतून. मे १९७८ मध्ये बंडखोरांनी तिथले कोल्वेझी हे खाणींचे शहर घेतले. शेकडो माणसे मेली, आणि कोबाल्टचा भाव कित्येक पटींनी चढला. भाव सगळ्यांनी टिपून ठेवला. खाणीत उतरणाऱ्यांची नावे कोण टिपतो? असो.

महागड्या कोबाल्टवाचून भागवायचे, हा आता कारखानदारांचा ध्यास झाला. जपानचे मासातो सागावा यांना त्याच वर्षाच्या आरंभी, तुमच्यासारखेच एका व्याख्यानाला बसले असताना, लोखंड वापरण्याची वाट सुचली होती. १९८२ मध्ये निओडिमियम, लोखंड आणि बोरॉन यांचा चुंबक त्यांच्या हाती आला. अमेरिकेत जनरल मोटर्समधील जॉन क्रोट यांनी वेगळ्या रीतीने तोच पदार्थ साधला. १९८३ मध्ये पिट्सबर्गच्या एकाच परिषदेत दोन्ही कामे मांडली गेली.

चुंबक स्वस्त झाला आणि डिस्कपासून मोटारींपर्यंत सगळीकडे शिरला. पण त्याच्या कणांमधल्या सांध्यांत निओडिमियम भरलेले असते, आणि ते ओलाव्याला फार हावरे. मुलाम्याला बारीक चीर पडली की दमट हवा तिथे पोचते. हायड्रोजन सुटतो, धातू तो पितो, फुगतो, आणि कण एकमेकांपासून सुटतात. चुंबकत्व नव्हे, आधी अंगच जाते. गंज आवरायला मग मिश्रणात थोडे कोबाल्टच घालू लागले!

आमची नोंदवही आम्ही कागदी पावतीपुस्तकांवरून पुन्हा लिहितो आहोत. चार वर्षांची झाली. तेरा उरली आहेत.