राळ, उडीद आणि बोटाचे टोक

'सुश्रुताने जखमेचा गोंद शोधला' हा संदेश आपल्यापैकी अनेकांपर्यंत पोहोचला असेल. मूळ अध्याय वाचला तर त्याहून पुष्कळ काही हाती लागते.

सुश्रुतसंहिता, सूत्रस्थान, अध्याय १४. संदर्भ रक्तमोक्षणाचा आहे. उपचार म्हणून वैद्याने स्वतःच शीर वेधली आणि रक्त थांबेनासे झाले, तर काय करावे?

उत्तरादाखल चूर्णांची लांबलचक यादी येते: लोध्र, ज्येष्ठमध, गेरू, राळ, रसांजन, सावरीची फुले, शंख, शिंपले, शिवाय उडीद, जव आणि गहू यांचे पीठ. पुढे अर्जुनासारख्या वृक्षांच्या साली, जाळलेल्या क्षौमवस्त्राची राख, समुद्रफेन, लाख. अर्धी यादी वाण्याच्या दुकानात मिळावी अशी! उडदाचे पीठ ओले होताच बोटांना कसे धरते, हे पापड लाटणाऱ्या घरांना सांगावे लागत नाही. कोरडी पिठे रक्तातील पाणी शोषतात. सालींतील तुरट द्रव्ये ऊतींना आकसवतात.

संदेशांतून नेमके गळते ते पुढचे विधान. चूर्ण हळूहळू व्रणमुखावर भुरभुरावे, बोटाच्या टोकाने दाबावे आणि घट्ट बांधावे. रक्त थांबवण्याचे उपाय चार: तुरट द्रव्यांनी संधान, थंडाव्याने स्कंदन, राखेने पाचन आणि डाग देऊन दहन. पहिले तीन निष्फळ ठरले, तरच चौथा. माझ्या मते या अध्यायाचे मोठेपण द्रव्यांपेक्षा या क्रमात आहे.

आता पश्चिमेकडे. इ.स. १५७ मध्ये गॅलेन हा पर्गामम येथे (आजच्या तुर्कस्तानात) ग्लॅडिएटरांचा वैद्य झाला. त्याची कृती अशी: फ्रँकिन्सेन्स हा सुगंधी डिंक एक भाग, काळा बोळ अर्धा भाग, अंड्याच्या पांढऱ्या बलकात मधाइतके दाट कालवून सशाच्या मऊ लवेवर घ्यावे आणि जखमेवर बसवावे. आधी मात्र रक्तवाहिनीच्या तोंडावर बोट ठेवावे, असे तोही सांगतो. एवढ्या साम्यावरून कोणी कोणाकडून घेतले, असा निष्कर्ष काढू नये. वाहत्या रक्तासमोर बोट सर्वांचेच आधी पुढे होते.

२००८ मध्ये अमेरिकी सैन्याने केओलिन ही पांढरी चिकणमाती लावलेली जाळीदार पट्टी स्वीकारली. ही माती रक्त गोठण्याची साखळी सुरू करणाऱ्या प्रथिनाला चेतवते. सैनिकाला शिकवले जाते: पट्टी जखमेत भर आणि निदान ३ मिनिटे दाबून धर.